हुक्केरी सरांचा उन्हाचा हंगाम

हुक्केरी सरांची बोटं कायम निळी असायची. आमच्या प्रयोगशाळेत ज्या रंगावर काम चालायचं त्याचं नाव मिथिलीन ब्लू. तो एकदा कातडीला लागला की साबणाला दाद देत नाही. हातमोजे सरांना आवडत नसत. हातमोजे घातले की हात आंधळे होतात, असं ते म्हणायचे. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या बाईंनी त्यांचा हात बघितला आणि "तुमचं झालंय की ओ," म्हणून त्यांना परत फिरायला सांगितलं.

सर म्हणाले, "बाई, शाई एका बोटाला लावत्यात. माझी पाची निळी हाईत. पाच येळा मत देऊन गेलो असतो तर एकदा तरी तुमच्या ध्यानात राहिलो असतो की."

रांगेतली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. शेवटी मागं उभ्या असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हमी दिली, "हे रंगाचे सर हायत, सोडा त्यास्नी," तेव्हा कुठं सरांचं मत झालं.

मी त्यांच्याकडे संशोधनासाठी आले ती या 'रंगाचे सर' नावावरूनच. माझं गाव कबनूर. वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे एम.एस्सी.नंतर पीएच.डी. करायची म्हणजे नेमकं काय करायचं हे घरात कुणाला विचारता येत नव्हतं, आणि कॉलेजात विचारायची लाज वाटायची. मला एवढंच कळलं होतं की रसायनशास्त्र विभागात एक सर आहेत, ते रंगाचं पाणी उन्हात ठेवून साफ करतात. आमच्या घरापुढून कापड रंगवायच्या कारखान्यांचा नाला वाहायचा. तेव्हा म्हटलं, जाऊन तर बघू.

मी गेले तेव्हा सर स्टुलावर बसले होते. समोर एक चंचुपात्र, त्यावर काळं कापड टाकलेलं, आत काहीतरी गरगर फिरत असल्याचा बारीक आवाज. मी नाव सांगायला तोंड उघडलं तसा त्यांनी निळा हात वर केला.

"थांबा पावणं. अजून बसतंय."

काय बसतंय ते सांगितलं नाही. मी उभी राहिले. सर कापडाकडे बघत बसले. अर्धा तास तरी गेला असेल. मला आधी वाटलं हे काहीतरी पूजेसारखं आहे, मग वाटलं मला जायला सांगायचंय पण संकोच वाटतोय. शेवटी त्यांनी कापड काढलं, पिपेटनं थोडं पाणी घेतलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "हं. कुठलं गाव?"

त्या अर्ध्या तासाचा अर्थ पुढं मला शिकायला मिळाला. टायटॅनियमच्या ऑक्साइडची पांढरी पावडर, इतकी बारीक की चिमटीत धरली तरी काही धरल्यासारखं वाटत नाही. ती रंगाच्या पाण्यात घालून उन्हात ठेवली की ऊन खाते आणि रंग तोडते. पण गंमत अशी की तोडायच्या आधी ती थोडा रंग नुसताच अंगाला चिकटवून घेते, पांढऱ्या सदऱ्याला डाग लागावा तसा. पाणी फिकं झालेलं दिसतं, पण त्यात उन्हाचं काही कर्तृत्व नसतं. म्हणून आधी अंधारात ठेवायचं, जेवढा रंग बसायचाय तेवढा बसू द्यायचा आणि मग उन्हात न्यायचं. त्यानंतर जो जाईल तो उन्हानं घालवला.

हा प्रयोगशाळेतला साधा नियम आहे. कुठलाही रसायनवाला तो पाळतो. हुक्केरी सर तो घरी, बाजारात आणि एस.टी.तसुद्धा पाळायचे.

प्राचार्य बैठकीत म्हणाले, यंदा ज्यादा तास घेतले म्हणून निकाल सुधारला. सरांनी हात वर केला. "ज्यादा तास न घेतलेला वर्ग कुठाय सर? त्याचा निकाल काय लागला?" तसा वर्ग नव्हताच. प्राचार्यांनी पुढचा विषय घेतला. सरांना सर्दी झाली की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, काढा द्यायच्या. सर्दी गेली की सर म्हणायचे, "काढा न घेता किती दिवसांत गेली असती, ते कळायला पायजे." एकदा आम्ही घरी गेलो असताना काकूंनी आम्हाला चहा दिला आणि सरांपुढं रिकामी बशी ठेवली.

"अगं, मला?"

"अय्य, तुमाला आज न देता बघायचंय. चहा न पिता डोकं चढतंय का तुमचं, ते कळायला पायजे की."

सरांनी बशीकडे बघितलं, विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे बरोबर हाय." आणि खरोखरच बसून राहिले. थोड्या वेळानं काकूंनाच राहवलं नाही. त्यांनी कप आणून आदळला.

सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पावणं म्हणायचे. आमच्याकडे अनोळखी माणसाला तसंच हाक मारतात, त्यामुळे मला पहिले काही दिवस त्यात काही वाटलं नाही. पण महिने गेले तरी मी पावणंच. माझ्याआधी वर्षभर आलेला सर्जेराव, गडमुडशिंगीचा, शेतकऱ्याच्या घरातला धिप्पाड गडी, त्याला सर नावानं हाक मारायचे. मी सर्जेरावला विचारलं. तो म्हणाला, "जोपर्यंत तू आपणहून वाईट आकडा आणून दाखवत न्हाईस तोपर्यंत पावणी. मी एका आठवड्यात घरचा झालो. माझं सगळंच आकडं वाईट हुतं."

दिवाळीनंतर माझा एक चांगला आलेला प्रयोग पुन्हा केला तेव्हा पार बिघडला. दोन दिवस मी तो आकडा दाखवावा की न दाखवावा या विचारात होते. मग गेले. सरांनी तो बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बस वैशाली. आता कामाला लागू."

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी ते सहसा कुणाला सांगत नसत. नव्वद सालच्या आसपास, कॉलेजात नवीन असताना, ते एका लग्नाला कबनूरला गेले होते. मांडवामागून लाल नाला वाहत होता आणि पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं. हौदभर. जास्त नाही. कबनूरच्या नाल्याचं हौदभर पाणी, वीज न लावता, दुसरं औषध न घालता, नुसत्या उन्हावर एकदा तरी साफ झालेलं बघायचं. दिव्याखाली, चंचुपात्रात, ऊर्ध्वपातित पाण्यातला निळा रंग त्यांनी कितीदा तरी घालवला होता. "ते शाळेतलं गुणी पोरगं हाय," सर म्हणायचे. "सांगितलं की ऐकतंय. नाल्यातल्या पाण्यात मीठ हाय, सोडा हाय, कांजी हाय. ते कुणाचं ऐकतंय?" आणि मी आले तेव्हा सरांच्या निवृत्तीला दोन उन्हाळे राहिले होते.

उन्हाळे म्हणायचं कारण, आमचं वर्ष तसंच चालायचं. कोल्हापुरात पाऊस सुरू झाला की महिनोन्महिने ऊन नाही. मग आम्ही खोलीत बसून पावडरी करायच्या, भट्टीत भाजायच्या, डब्यांत भरून ठेवायच्या. दसरा झाला, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की सर म्हणायचे, "चला, आपलाबी हंगाम सुरू." मग कॉलेजच्या गच्चीवर आमची चंचुपात्रं रांगेत लागायची, निळी, गुलाबी, नारिंगी. सर टोपी घालून, स्टॉपवॉच घेऊन मध्ये उभे. ढग आला की घड्याळ बंद करायचे, ढग गेला की चालू. अगदी कबड्डीच्या पंचासारखे. खालच्या गल्लीतली पोरं ते शिकली. आम्ही गच्चीवर दिसलो की खालून ओरडायची, "सर, ढग आलाऽऽ!" आणि सर वर न बघता घड्याळ बंद करायचे. पुष्कळदा ढग नसायचा.

त्याच सुमारास 'नॅनो' हा शब्द सगळीकडे आला. सर ज्याला दहा वर्षं नुसती पावडर म्हणत होते तिला लोक नॅनोपदार्थ म्हणायला लागले, आणि विभागानं आमच्या दारावर तशी पाटी लावली. सर पाटीखाली उभे राहून म्हणाले, "पावडर तीच. बारसं उशिरा झालं."

या पांढऱ्या पावडरीची एक खोड होती. ती उन्हातलं अगदी थोडं ऊन खायची. जे डोळ्यांना दिसतं ते बहुतेक ऊन तिला चालायचं नाही. तिला ते खायला लावायचं तर तिच्यात दुसरं काहीतरी किंचित मिसळावं लागतं, याला डोपिंग म्हणतात. सरांनी नायट्रोजन निवडला होता. पावडर करताना युरिया घालून भाजली की नायट्रोजन तिच्यात शिरतो आणि ती पिवळसर होते. एके दिवशी प्रयोगशाळेतला शुद्ध युरिया संपला. नवा यायला उशीर होता. सर्जेराव घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यातून युरिया घेऊन आला. उसाला घालायचा.

"अरे, हे खत हाय."

"युरियाच हाय की सर. ऊस तक्रार करत न्हाय."

सरांनी नाक मुरडलं, पण घातला. आणि ती पावडर अशी निघाली की आमचा विश्वास बसेना. गच्चीवर बघता बघता निळं पाणी काचेसारखं झालं. सरांनी अंधाराची परीक्षा केली, बिनपावडरीची केली, पुन्हा केली. खरंच ऊनच काम करत होतं. मग शुद्ध युरिया आला, त्यानं केली तर पावडर पुन्हा सुस्त. सर वेडे व्हायचे राहिले. शेवटी एका रविवारी ते सर्जेरावच्या घरी गडमुडशिंगीला गेले आणि जेवण सोडून खताची खोली बघत बसले. युरिया ठेवलेलं पत्र्याचं पिंप आतून पार गंजलेलं होतं. युरियाबरोबर थोडा गंज, म्हणजे लोखंड, आमच्या पावडरीत शिरलं होतं.

सर आनंदानं ओरडले. सर्जेरावची आई घाबरून बाहेर आली. "काय झालं ओ सर? इंचू चावला काय?"

"न्हाय ओ आई. तुमच्या पिंपानं लई मोठं काम केलंय."

"नवीन घ्या म्हणून मी कवापासनं सांगतोय ह्यास्नी," त्या लाजून म्हणाल्या. त्यांना वाटलं सर पिंपाची चेष्टा करतायत.

पुढं शोधनिबंध लिहिताना सरांनी लोखंडाचं मूळ म्हणून पहिल्या मसुद्यात खरंच 'गंजलेले पिंप' लिहिलं. सर्जेराव हात जोडून म्हणाला, "सर, कायबी लिवा, फक्त आमच्या आईचं नाव नको."

गंज सापडला म्हटल्यावर सर्जेरावला हुरूप आला. थोड्या लोखंडानं एवढं होतंय तर जास्त घातलं की किती होईल! सर परीक्षेच्या कामाला गेले असताना त्यानं सढळ हातानं लोखंड घातलं. विटेच्या रंगाची पावडर झाली. ती उन्हात दिवसभर ठेवली तरी रंग जाग्यावरून हलला नाही. सरांनी ती बघितली आणि खुर्ची ओढून बसले.

"सर्जेराव, वर्गात एक वांड पोरगं असलं तर वर्ग जागा राहतोय की न्हाय? काहीतरी विचारतंय, मास्तरची झोप उडवतंय. बरोबर?"

"व्हय सर."

"आणि तसली धा झाली तर?"

"वर्ग बंद."

"मग? तू एकटा हाईस म्हणून ही खोली चालतीय. लोखंडालाबी तेवढंच ठेव."

असं करत, अगदी किंचित लोखंड आणि नायट्रोजन घातलेली फिकट पिवळी पावडर तयार झाली. निवृत्ती त्या मे महिन्यात होती. सरांनी डबे भरले आणि मला म्हणाले, "चल, तुझ्या गावाला."

कबनूरच्या ज्या कारखान्यात कापड रंगवलं जायचं त्याचे मालक अण्णासाहेब. माणूस मोठ्या आवाजाचा, मनाचा मोकळा. पाण्यावरून त्यांना सरकारी तंबी मिळाली होती, त्यामुळे त्यांनी सरांना आवारात जागा दिली. अट एकच. "पाणी पांढरं झालं की मला तुमच्या सहीचा कागद द्यायचा. बाकी कायबी मागा."

"आधी पाणी तर बघू," सर म्हणाले, आणि तीन उथळ हौद मागितले. एकात पावडर, वर ऊन. दुसऱ्यात पावडर, वर ताडपत्री. तिसऱ्यात पावडर नाही, नुसतं ऊन.

अण्णासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, म्हंजे तीनातले दोन हौद वाया घालवायचे हे तुमी ठरवूनच आलाय!"

"त्या दोघांनी साक्ष दिल्याबगर पहिल्यावर मीच विश्वास ठेवणार न्हाय," सर म्हणाले.

हौद बांधून झाले. त्या दिवशी नाल्याला मरून, म्हणजे काळपट लाल रंग होता. सकाळी पाणी भरलं, पावडर घातली, सर्जेराव बांबूनं ढवळायला लागला. पाळी सुटली तशी माणसं जमली. माझे वडीलही फाटकाशी येऊन उभे राहिले, आत मात्र आले नाहीत. दुपारपर्यंत उघड्या हौदातला रंग विटला, आणि ऊन कलायच्या आत हौदाचं बूड दिसायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सर्जेरावला उचललं, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. अण्णासाहेबांनी पेढे मागवले. सरांच्या हातात पेढा होता आणि चेहऱ्यावर जे हसू होतं तसं मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखं, सगळे दात दिसणारं.

मग ते म्हणाले, "ताडपत्री काढ."

सर्जेराव म्हणाला, "सर, पेढा तर खावा. मग काढू."

"काढ."

ताडपत्रीखालचं पाणीही तेवढंच स्वच्छ होतं. आणि दोन्ही हौदांच्या बुडाशी आमची पिवळी पावडर गडद मरून होऊन बसली होती. खाऱ्या पाण्यात रंग तिच्यावर असा दाटून बसला होता की उन्हाला काम करायला जागाच राहिली नव्हती.

 अण्णासाहेब एका हौदावरून दुसऱ्याकडे गेले. "आयला! सावलीतबी चालती व्हय तुमची पावडर? मग तर लईच भारी. रातपाळीलाबी कामाला लावू की तिला!"

"अण्णासाहेब, तिनं काम केलंच न्हाय. रंग मेला न्हाय. हितनं उठून खाली बसलाय, बस्स."

"बसंना का! मला पाणी पांढरं पायजे हुतं, झालं. द्या कागद."

"आणि हा गाळ कुठं टाकणार?"

अण्णासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाले, "नाल्यात."

सरांनी पेढा परत खोक्यात ठेवला.

एस.टी.त सर्जेराव धुमसत होता. आम्हाला माहीत होतं, हंगाम संपत आला होता, सरांचा तर कायमचा. न राहवून तो म्हणाला, "सर, त्यांचं काम झालं असतं, आपलं नाव झालं असतं. कागद दिला असता तर बिघडलं काय असतं?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय बिघडलं नसतं. रंगाचंबी काय बिघडलं नसतं."

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "झालं का ओ?"

"झालं. अंधारातबी झालं."

काकूंना एवढ्या वर्षांत तेवढं शास्त्र येत होतं. त्या "अय्य" म्हणाल्या, आत गेल्या आणि आम्हा तिघांची पानं वाढली.  जेवून हात धुताना सर एकदम थांबले. नळ चालूच.

"बसलाय," ते म्हणाले. "पण पावडरीवरच बसलाय न्हवं? जिथं मार खायचा तिथंच जाऊन बसलाय. उन्हाला वेळ मिळाला तर?"

"नळ बंद करा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सर अण्णासाहेबांकडे गेले. कागद मिळणार नाही म्हटल्यावर अण्णासाहेबांचा रस संपला होता, पण माणुसकी संपली नव्हती. "हौद वापरा. पावसाच्या आत आटपा, मग मला तिथं कोळसा टाकायचाय." या वेळी सरांनी पाणी अगदी उथळ ठेवलं, मीठ कमी व्हावं म्हणून निम्मं साधं पाणी मिसळलं, पावडर कमी केली आणि घाई सोडली. सकाळच्या एस.टी.नं यायचं, छत्री उघडून हौदाशेजारी बसायचं, ढवळायचं, संध्याकाळी जायचं. संध्याकाळी जाताना तिन्ही हौद झाकायचे, सकाळी दोन उघडायचे. कामगार त्यांना 'हौदवालं सर' म्हणायला लागले. दुपारी ते आमच्या घरी जेवायचे. आई पहिल्यांदा एवढी बुजली की आमटीत तिखट घालायचंच विसरली. सरांनी मागून घेतलं. कॉलेजातल्या निरोप समारंभाला सर उशिरा पोचले, कारण कबनूरची बस चुकली. गळ्यात हार पडला तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत मरून होत्या.

मला त्याच दिवसांत चंदगडच्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागल्याचं कळलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "चंदगड? तिथं ऊन बघायला तिकीट काढावं लागतंय." मग म्हणाले, "जा. पगार घरात येऊ दे. प्रबंध पावसात लिही, तिथं पाऊस भरपूर हाय." मी तसाच लिहिला. सरांना पुढंही भेटले, कधी त्यांच्या घरी, कधी रस्त्यात. पण सर म्हटलं की मला आठवतात ते मे महिन्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यातले.

त्या आठवड्यात एके दिवशी उघड्या हौदाच्या बुडाशी पावडर पुन्हा पिवळी दिसली. ताडपत्रीखालची मरूनच होती. बिनपावडरीच्या हौदातलं पाणी किंचित विटलेलं, पण मरूनच. सर हसले नाहीत. त्यांनी सर्जेरावला बोलावून विचारलं, कुठला रंग? मग त्याला लांब उभं करून मला विचारलं. मग वॉचमनला. "पिवळी हाय की ओ," वॉचमन म्हणाला, "त्यात काय एवढं?" तेव्हा सर हौदाच्या काठावर बसले.

अण्णासाहेब आले. "झालं व्हय सर? ह्या येळी खरंच?"

"खरंच."

"एवढ्या दिवसांत एक हौद. त्यातबी निम्मं साधं पाणी. माझं तासाला असलं किती भरत्यात ठावं हाय न्हवं? मला काय उपेग?"

"तुमाला न्हाय. अजून न्हाय."

अण्णासाहेबांनी पाण्यात वाकून बघितलं. बूड स्वच्छ दिसत होतं, त्यांचा चेहराही दिसत होता. जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "आता ह्या पाण्याचं काय करायचं?"

 सरांनी सर्जेरावकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्हालाही कधी सुचलं नव्हतं.

"घ्या!" अण्णासाहेब गडगडून हसले. "सर, सगळी हयात पाणी साफ करण्यात घालवली आणि साफ झाल्यावर करायचं काय, हे ठरवलंच न्हाय व्हय?"

सरही हसायला लागले. मग आम्ही पावडर खाली बसू दिली आणि सर्जेरावनं हौदाच्या कडेचा बोळा काढला. पाणी आवारातून वाहत फाटकाबाहेर गेलं आणि नाल्यात पडलं. नाला त्या दिवशी हिरवागार होता. स्वच्छ पाणी त्यात शिरलं, पण लगेच मिसळलं नाही. काठाकाठानं एक काचेसारखी पट्टी वेगळी वाहत राहिली. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चपला हातात घेऊन तिच्याबरोबर चालायला लागले. चष्म्यावर पाणी उडालं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी मागोमाग.

"वैशाली, दिसतंय का अजून?"

"दिसतंय सर."

थोडं पुढं गेलो. "आता?"

"आहे. बारीक झालंय."

"आता?"

मी वाकून बघितलं. सगळं हिरवं होतं. "आता नाही, सर."

"कुठवर दिसलं?"

मागं काठावर एक धुण्याचा दगड होता. मी तो दाखवला. सर परत त्या दगडापर्यंत गेले, त्यावर उभे राहिले आणि वळून तिथून कारखान्याच्या फाटकापर्यंतचं अंतर बघत राहिले.

"लई लांब आलं की गं," ते म्हणाले.